गप्प राहण्याचा हक्क सर्वांत आधी जातो

फौजदारी प्रकरणात नाव आलं की वकिलाचा पहिला सल्ला ठरलेला असतो: तोंड उघडू नका. परक्या देशाकडे संरक्षण मागणाऱ्या आश्रयाच्या अर्जात हा सल्ला चालत नाही. तिथे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. तो बोललाच नाही, तर अधिकाऱ्यापुढे निर्णय द्यायला काही उरत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. त्यामुळे 'अमुक तारखेला अमुक कागद मी बाहेर काढले, अमुक वर्तमानपत्राला दिले, म्हणून परत गेलो तर मला तुरुंगात टाकतील' हे जागल्याला, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला, स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं. जो कबुलीजबाब मिळवताना मायदेशातल्या सरकारी वकिलाच्या नाकी नऊ आले असते, तो इथे परक्या देशाच्या फायलीत आयता लागतो. अमेरिकेचा आय-५८९ फॉर्म तर मजकूर खोटा निघाल्यास शिक्षा होईल, हे मान्य करूनच सही करायचा असतो.

म्हणून अशी फाइल तयार करताना निवेदनाचा मसुदा आम्ही दोन वकिलांना दाखवतो. एक आश्रयाची कामं करणारा, दुसरा मायदेशातला फौजदारी वकील. पहिल्याला तपशील हवे असतात, दुसरा त्यांवरच लाल रेघा मारतो. मधला रस्ता असा की भीती सिद्ध व्हायला जेवढं लागतं तेवढं पूर्ण आणि खरं लिहायचं. मदत करणाऱ्या सहकाऱ्यांची नावं, कागद कोणत्या वाटेने बाहेर गेले, कोणाचा पासवर्ड वापरला, हे आपणहून लिहायचं नाही. विचारलंच तर खोटं सांगायचं नाही. वकिलाशी बोलून लेखी उत्तर देतो म्हणायचं. एक खोटं सापडलं की बाकीच्या चाळीस पानांवरचा विश्वास उडतो.

'माहिती गुप्त राहते' हे आश्वासन अर्जदाराला पहिल्याच दिवशी मिळतं, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. अर्जातला मजकूर मायदेशाला कळवायचा नाही, असा नियम युरोपीय संघात आहे, अमेरिकेतही आहे. पण अर्ज नाकारला गेला आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, तर निकालपत्र छापलं जातं. फिलिपीन्समधल्या कस्टम्सच्या एका अधिकाऱ्याने वरिष्ठांचा भ्रष्टाचार उघड केला, त्याचं अपील २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किट कोर्टाने ऐकलं. तो निकाल आज 'ग्रावा' या त्याच्या आडनावानेच ओळखला जातो. नाव झाकायचं असेल तर तसा अर्ज वेगळा आणि वेळेत करावा लागतो. तो करायचा राहून जातो, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष अपिलाच्या मुदतीकडे असतं.

आता मूळ प्रश्न. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या व्याख्येत 'जागल्या' हा शब्द कुठेच नाही. छळाची सकारण भीती पाच कारणांपैकी एकामुळे असली पाहिजे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला बहुधा शेवटच्याच दारातून आत यावं लागतं, आणि ते दार कोर्टांनी हळूहळू किलकिलं केलंय. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या वॉर्ड निकालात म्हटलं, की राज्ययंत्रणा ज्यात गुंतलेली असू शकते अशा कुठल्याही विषयावरचं मत हे राजकीय मत. २००० साली तिथल्याच फेडरल अपील कोर्टाने क्लिन्को प्रकरणात हे सूत्र युक्रेनमधल्या एका व्यावसायिकाला लावलं. त्याने स्थानिक अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रार केली होती. अमेरिकेत २०११ पासून इमिग्रेशन अपील मंडळाचा एन-एम हा निर्णय मोजपट्टी म्हणून वापरला जातो. त्यात तीन गोष्टी पाहतात. अर्जदाराची कृती भ्रष्टाचारविरोधी मताची अभिव्यक्ती म्हणून दिसण्याजोगी होती का? छळ करणाऱ्याला त्या मताचाच राग आला होता, याला काही पुरावा आहे का? आणि त्या देशात भ्रष्टाचार वरपासून मुरलेला आहे, की एखाद-दुसऱ्या साहेबापुरता?

फायली पडतात त्या बहुतेक या दुसऱ्या मुद्द्यावर. कच्च्या मसुद्यातलं नेहमीचं वाक्य असं असतं: 'साहेबांनी लाच घेतली. मी तक्रार केली. त्यांनी मला नोकरीवरून काढलं आणि गुंड पाठवले.' हे सगळं खरं असेल, पण वाचणाऱ्याला त्यात दिसतो तो एका माणसाचा दुसऱ्या माणसावरचा डूख. वैयक्तिक सूड व्याख्येत बसत नाही. मग आम्ही समोर बसून एकच घटना उकलत जातो. तक्रार कोणाकडे केली? त्यात एका व्यवहाराबद्दल लिहिलं की खात्याच्या पद्धतीबद्दल? चौकशीला बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न काय होता? तासाभराने आठवतं, की चौकशी करणाऱ्याने विचारलं होतं, 'तू कोणाच्या सांगण्यावरून सरकारची बदनामी करतोयस? कोणत्या पक्षाचा आहेस?' पूर्ण फायलीत या एका प्रश्नाचं मोल सर्वांत जास्त, आणि अर्जदाराने तोच गाळलेला असतो, कारण त्याच्या लेखी गुंड पाठवणं ही मोठी गोष्ट असते. हा प्रश्न विचारलाच गेला नसेल, तर मात्र तो घुसडायचा नाही.

खासगी बँकेतल्या किंवा कंपनीतल्या जागल्याचं काम आणखी अवघड. छळणारी कंपनी असेल, तर सरकार संरक्षण देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. वॉर्ड निकालात याची दुसरी बाजूही आहे: चालतं सरकार असलेला देश आपल्या नागरिकाचं रक्षण करू शकतो, हे आधी गृहीत धरलं जातं आणि ते गृहीतक अर्जदाराला मोडून दाखवावं लागतं. जिथे कोर्टं चालतात, वर्तमानपत्रं छापली जातात, निवडणुका होतात, तिथल्या जागल्याला हे फार जड जातं. युरोपीय संघातल्या नागरिकाची तर संघातल्या दुसऱ्या देशात जवळपास दारं बंदच. संघाच्या करारांना जोडलेल्या २४ व्या प्रोटोकॉलनुसार सदस्य देश एकमेकांना सुरक्षित मानतात, आणि असा अर्ज मोजक्या अपवादांतच विचारात घेतात.

त्यात आणखी एक गाठ आहे. छळ वेगळा आणि खटला वेगळा. गोपनीयतेचा कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल आणि तो मोडल्याबद्दल खटला भरला असेल, तर खटल्याची भीती म्हणजे छळाची भीती नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ५६ ते ६० हे परिच्छेद याच फरकावर आहेत, आणि अशा कामात ते उघडूनच बसावं लागतं. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाच्या सवा आहे, सुनावणी निष्पक्ष होणार नाही, किंवा त्याच कलमाखाली सरकारधार्जिणे लोक सुटतात आणि टीकाकारच अडकतात, असं काही दाखवावं लागतं. शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा. त्यासाठी तुलनेची दोन-तीन प्रकरणं, तिथल्या वर्तमानपत्रांतल्या कात्रणांसह, फायलीला जोडायची.

कागदांचं म्हणाल तर काय आणायचं यापेक्षा काय आणायचं नाही, हे आधी सांगावं लागतं. उघड केलेली मूळ फाइल, डेटाबेस, गोपनीय शिक्क्याची पानं बरोबर आणायची नाहीत. सीमेवर लॅपटॉप उघडायला लावू शकतात. त्या देशातही तो मजकूर बाळगणं गुन्हा ठरू शकतो. वर असा संशय येतो, की माणूस आश्रयाच्या बदल्यात माहिती विकायला आलाय, आणि हा संशय पुढे मायदेशातल्या आरोपपत्रातही उतरतो. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००८ च्या गुजा विरुद्ध मोल्दोव्हा निकालात जागल्याला संरक्षण द्यायचं की नाही यासाठी सहा कसोट्या घातल्या. आतले मार्ग वापरून पाहिले का, माहिती लोकहिताची होती का, अस्सल होती का, तिच्यामुळे झालेलं नुकसान लोकहिताहून मोठं होतं का, हेतू प्रामाणिक होता का, शिक्षा किती कडक झाली. खिशात गरजेपेक्षा जास्त कागद सापडले की यातल्या दोन-तीन कसोट्या आपोआप ढिल्या होतात.

आणायचं ते वेगळंच. नेमणुकीचं पत्र, तक्रारीची प्रत आणि तिची पोच, आवक-जावक क्रमांक दिसेल असं पान, निलंबनाचा आदेश, समन्स, दवाखान्याचे कागद. ईमेल असेल तर नुसता छापील मजकूर नको, पूर्ण हेडरसह, म्हणजे तो कुठून, कधी आला याच्या तांत्रिक नोंदीसह. चॅटचा स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, म्हणून संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून घ्यायचं. पाकीट फेकायचं नाही. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख कधीकधी आतल्या पत्राइतकीच उपयोगी पडते. अनुवादासोबत अनुवादकाचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, की त्याला दोन्ही भाषा येतात आणि अनुवाद अचूक आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात हे प्रमाणपत्र नसेल तर कागद बाजूला ठेवला जाऊ शकतो.

अर्ज कुठे करायचा, याबद्दलचा मोठा गैरसमज म्हणजे वकिलातीत जाऊन आश्रय मागता येतो. करारातली व्याख्याच 'स्वतःच्या देशाबाहेर असलेली व्यक्ती' अशी आहे, आणि बहुतेक देश अर्जदार आपल्या भूमीवर हजर असल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांच्या नावाने २०१३ च्या जुलैपर्यंत वीसहून अधिक देशांकडे विनंत्या गेल्या होत्या. कित्येकांनी हेच उत्तर दिलं. तोवर अमेरिकेने त्यांचा पासपोर्ट रद्द केला होता. २३ जूनला ते मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर उतरले आणि १ ऑगस्टला तात्पुरता आश्रय मिळेपर्यंत तिथल्या ट्रान्झिट भागात अडकले.

पासपोर्ट रद्द होणं म्हणजे नागरिकत्व जाणं, असं लोक सर्रास धरून चालतात. तसं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सीआयएचे माजी अधिकारी फिलिप एजी यांचा पासपोर्ट काढून घेण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, पण एजी अमेरिकेचे नागरिक राहिलेच. आश्रय मागितल्यानेही नागरिकत्व जात नाही. जातं ते नागरिकत्वाचं रोजच्या वापरातलं रूप: प्रवास, वकिलातीची मदत, परदेशात अटक झाली तर वाणिज्य दूताला कळवण्याची मागणी. १९६३ च्या व्हिएन्ना करारातला हा शेवटचा हक्क कागदावर शाबूत असतो. पण ज्याच्यापासून पळालो त्याच दूताला कोण बोलावणार?

वकिलातीच्या आतला आश्रय ही लॅटिन अमेरिकेतली परंपरा. १९५४ चा काराकासचा करार तिथल्या देशांपुरता आहे. इतरत्र यजमान देशावर सुरक्षित वाट देण्याचं बंधन नसतं. पोलीस इमारतीत शिरू शकत नाहीत, एवढंच संरक्षण. विकिलीक्सचे ज्युलियन असांज हे जागले नव्हेत, प्रकाशक. पण या मार्गाचा हिशेब त्यांच्या प्रकरणाइतका उघड्यावर दुसरीकडे मांडलेला नाही. जामिनावर असताना १९ जून २०१२ ला ते लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत गेले आणि ११ एप्रिल २०१९ ला इक्वेडोरने आश्रय काढून घेतल्यावर पोलिसांनी त्यांना बाहेर आणलं. जामिनाची अट मोडल्याबद्दल ५० आठवड्यांची शिक्षा झाली. त्याआधीच, २०१२ मध्ये, जामीन राहिलेल्या नऊ जणांना मिळून ९३,५०० पौंड भरावे लागले होते. आणि जानेवारी २०२१ मध्ये कोर्टाने अमेरिकेला प्रत्यार्पण नाकारलं, तरी दोनच दिवसांनी त्यांचा जामीनही नाकारला, कारण माणूस पूर्वी एकदा जामीन मोडून गेलेला. आश्रयासाठी उचललेलं पाऊल साडेआठ वर्षांनी दुसऱ्याच अर्जावर असं उमटतं. जामिनावर असताना देश सोडायचा विचार करणाऱ्याने, आपल्यासाठी सही केलेल्या माणसांची यादी आधी समोर ठेवावी.

देश सोडल्यावर मायदेशात काय काय बंद होतं, ते देशागणिक वेगळं. अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात न्यायापासून पळणाऱ्या व्यक्तीला मुदतीचा कायदा लागूच होत नाही, म्हणजे 'पाच वर्षं थांबू, मग प्रकरण मरेल' हा हिशेब चुकतो. फरार माणसाचं अपील ऐकायला कोर्ट नकार देऊ शकतं. २००० साली झालेल्या कायद्यानुसार त्याला जप्तीच्या दिवाणी दाव्यात आपल्या मालमत्तेची बाजू मांडण्यापासूनही रोखता येतं. खटला मात्र आरोपी सुरुवातीपासून गैरहजर असेल तर तिथे चालवता येत नाही. तो गोठून राहतो. स्नोडेन यांच्यावरची १४ जून २०१३ ची फिर्याद अशीच लटकलेली आहे. युरोपातल्या कित्येक देशांत उलट आहे. बँकेतली माहिती बाहेर काढणारे एर्वे फाल्सियानी गैरहजर असतानाच स्वित्झर्लंडने २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. आरोपी स्वतः कोर्टात नाही, आणि निकाल मात्र पूर्ण.

इथे आमचं मत थोडं आडवं आहे. मायदेशातला खटला म्हणजे हमखास गमावलेला डाव, असं जागले धरून चालतात. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद फोडणारे डॅनियल एल्सबर्ग यांच्यावरचा खटला १९७३ च्या मे महिन्यात सरकारच्याच गैरकृत्यांमुळे रद्द झाला, आणि ती गैरकृत्यं उघड झाली कारण आरोपी कोर्टात उभा होता. लष्कराचे गुप्त कागद विकिलीक्सला देणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली, पण २०१७ मध्ये ती कमी करून त्यांना सोडण्यात आलं. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्यात 'मी लोकहितासाठी केलं' हा बचाव चालत नाही, त्यामुळे बाजू मांडण्याचा जो हक्क सोडला म्हणून हळहळायचं, तो मुळातच तोकडा असतो. जाण्याआधी एक प्रश्न लिहून काढावा: माझ्या देशातल्या कोर्टात मला नेमकं काय बोलू देतील? उत्तर देशातल्या वकिलाकडून घ्यावं, मित्रांकडून नाही.

नोकरीसंबंधीचे हक्क फार गुपचूप जातात, कारण त्यांच्या मुदती आठवड्यांत मोजायच्या असतात. ब्रिटनमध्ये तक्रारीमुळे बडतर्फ झालेल्याला पगार चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश हवा असेल, तर नोकरी संपल्यापासून सात दिवसांत अर्ज करावा लागतो. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपनीविरुद्धची सूडाची तक्रार १८० दिवसांत. माणूस तेव्हा व्हिसाच्या रांगेत किंवा विमानतळावर असतो. युरोपीय संघाच्या जागल्यांविषयीच्या २०१९ च्या निर्देशाने पुराव्याचं ओझं मालकावर टाकलं, म्हणजे तक्रार केली आणि त्रास झाला एवढं कर्मचाऱ्याने दाखवायचं, कारण दुसरंच होतं हे मालकाने. पण या निर्देशात आश्रयाची तरतूद नाही, आणि गोपनीय म्हणून वर्ग केलेली माहिती त्याच्या बाहेर ठेवलेली आहे.

सगळंच जातं असं नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडून मिळणारं बक्षीस, म्हणजे दहा लाख डॉलरहून जास्त दंड ठोठावला गेल्यास वसूल रकमेच्या १० ते ३० टक्के, परदेशी माणसालाही मिळू शकतं. वकिलामार्फत निनावी अर्जही करता येतो. एक अट अशी, की त्याच प्रकरणात अर्जदार स्वतः फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेला नसावा. परदेशात स्थिरावलेल्या जागल्याच्या हे गावीही नसतं.

अर्जानंतरची पहिली पायरी म्हणजे बोटांचे ठसे, फोटो आणि एक छोटी प्राथमिक मुलाखत. युरोपात ठसे युरोडॅक या सामायिक नोंदसंग्रहात जातात, आणि ज्या देशातून आत शिरलात किंवा ज्याने व्हिसा दिला, त्याच देशाकडे अर्ज पाठवला जातो. एका देशाचा व्हिसा घेऊन शेजारच्या देशात अर्ज करणाऱ्यांचे सहा-सहा महिने यातच जातात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नियमांतही मूळ सूत्र तेच आहे. अमेरिकेत अर्ज आगमनापासून एका वर्षात करावा लागतो. परिस्थिती बदलली असेल, जसं की मायदेशात आरोपपत्र नंतर दाखल झालं, तर अपवाद मागता येतो. पण तोही वाजवी वेळेत.

प्राथमिक मुलाखतीत अधिकारी म्हणतो, 'सविस्तर नंतर विचारू, आता दोन वाक्यांत सांगा.' दमलेला माणूस म्हणतो, 'नोकरीतला त्रास.' मोठ्या मुलाखतीत तो राजकीय छळाबद्दल तीन तास बोलतो, आणि नकाराच्या पत्रात पहिल्या दिवशीचे हे दोन शब्द अवतरणचिन्हांत येतात. ती दोन वाक्यं आधीच पाठ हवीत: मी सरकारी भ्रष्टाचार उघड केला; त्यामुळे माझ्यावर अमुक कारवाई झाली. मुलाखतीची नोंद वाचून दाखवायला सांगायचं, चूक तिथेच दुरुस्त करून घ्यायची आणि प्रत मागायची.

दुभाष्याबरोबर शब्दांची जुळणी आधी केलेली बरी. 'तक्रार' म्हणजे वरिष्ठांना दिलेला अर्ज, की पोलिसांत दिलेली फिर्याद? 'ताब्यात घेतलं' आणि 'अटक केली' यांत जामिनाचा फरक आहे. 'निलंबित' माणूस अजून नोकरीत असतो, 'बडतर्फ' नसतो. दुभाष्याने तिन्ही ठिकाणी ढोबळ शब्द वापरला, की लेखी निवेदन आणि तोंडी उत्तर जुळत नाही आणि त्याला विसंगती म्हणतात. तारीख आठवत नसेल तर 'पावसाळ्याच्या सुमारास' म्हणणं चालतं. अंदाजाने ठोकून दिलेली तारीख चालत नाही.

आश्रयाचा अर्ज आणि प्रत्यार्पणाची मागणी या दोन गाड्या वेगळ्या रुळांवर धावतात, अनेकदा वेगळ्या खात्यांत. प्रत्यार्पणात पाहतात की ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, गुन्हा राजकीय आहे का, आणि ज्या गुन्ह्यासाठी नेलं त्याखेरीज दुसऱ्यासाठी खटला भरणार नाही याची हमी आहे का. फाल्सियानी यांना स्पेनने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या हवाली करायला नकार दिला, कारण बँकेचं गुपित फोडणं हा तिथे त्या स्वरूपाचा गुन्हा नव्हता. आश्रय न मागता त्यांचं रक्षण झालं. ज्याच्याकडे दुसरं नागरिकत्व, कामाचा व्हिसा किंवा जोडीदारामुळे मिळालेला रहिवास आहे, त्याने हा मार्ग आधी तपासावा. त्यात पासपोर्ट हातात राहतो आणि कबुलीजबाब लिहावा लागत नाही. मात्र परत न पाठवण्याचं तत्त्व, १९५१ च्या कराराचं कलम ३३, आश्रय देणाऱ्या देशाला बांधतं. तिसऱ्या देशात विमान बदलताना ते बरोबर येईलच असं नाही.

इंटरपोलच्या रेड नोटिशीचं तसंच. ती अटकेचं वॉरंट नाही, माणूस शोधून धरून ठेवण्याची इतर देशांना केलेली विनंती आहे. पण कित्येक देश तिच्यावर अटक करतात. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय स्वरूपाच्या प्रकरणांना मनाई करतं, आणि निर्वासित ठरलेल्याविरुद्ध त्याच्याच मायदेशाने मागितलेली नोटीस ठेवायची नाही, असं त्यांचं धोरणही आहे. पण हे आपोआप होत नाही. इंटरपोलच्या फायलींवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे अर्ज करावा लागतो. फी नाही. भाषा अरबी, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. नोंद आहे का, हे विचारण्याच्या अर्जाला चार महिने, काढून टाकण्याच्या अर्जाला नऊ, तेही अर्ज ग्राह्य धरल्यापासून. तोवर प्रवास टाळायचा.

आश्रय मिळाल्यावर जो हक्क कमी होतो, त्याचा विचार जागल्याने तरी पहिल्यांदा करायला हवा. १९५१ च्या कराराचं कलम १५ निर्वासिताला संघटनेचा हक्क देतं, पण बिगरराजकीय आणि नफा न कमावणाऱ्या संस्थांपुरता, आणि कामगार संघटनांचा. राजकीय बोलण्याची हमी करारात नाही. जुलै २०१३ च्या पहिल्या दिवशी पुतिन यांनी जाहीर अट घातली, की राहायचं असेल तर अमेरिकेला हानी पोहोचवणारं काम थांबवा. स्नोडेन यांनी तेव्हा रशियातला अर्ज मागे घेतल्याचं दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, आणि पुढे महिनाभराने त्याच देशाचा कागद स्वीकारावा लागला. इक्वेडोरने असांज यांचं इंटरनेट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तोडलं. बोलल्यामुळे घर सुटलं त्याला नव्या घरात कमी बोलायला सांगितलं जातं. मंजुरीच्या पत्रातल्या अटी ओळीने वाचाव्यात, आणि तोंडी सांगितलेली अट लेखी मागावी.

मायदेशाचा पासपोर्ट नव्याने काढला किंवा त्याचं नूतनीकरण केलं, तर उच्चायुक्तालयाच्या पुस्तिकेतल्या १२१ व्या परिच्छेदाप्रमाणे, उलट पुरावा नसेल तर, त्या देशाचं संरक्षण पुन्हा स्वीकारलं असं धरतात आणि निर्वासिताचा दर्जा धोक्यात येतो. प्रवासासाठी कराराच्या कलम २८ चं प्रवासपत्र घ्यायचं. ते मायदेश सोडून इतर देशांसाठी असतं. ही चूक पासपोर्टच्या वेळी क्वचित होते, सगळे सावध असतात. ती होते मुलाच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हवा असतो तेव्हा, किंवा लग्नाची नोंद करताना. कारकून सांगतो, 'तुमच्या वकिलातीतून आणा.' तेव्हा कलम २५ पुढे करायचं: निर्वासिताला एरवी ज्या दाखल्यांसाठी स्वतःच्या देशाकडे जावं लागलं असतं, ते मिळवून देण्याची व्यवस्था यजमान देशाने करायची आहे. खिडकीवरच्या कारकुनाला हे कलम बहुधा माहीत नसतं. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत कलमाचा क्रमांक लिहायचा, मंजुरीच्या पत्राची प्रत जोडायची आणि अर्जाची पोच घ्यायची.